ताईचा सोपा गेम

मेव्हण्याची टाच मोडली ती व्हॅनमधून उतरताना. वीस वर्षं तो घरोघर फ्रिज आणि वॉशिंग मशीन पोचवत होता. चौथ्या-चौथ्या मजल्यावर पाठीवरून कपाटं चढवली होती. आणि पडला कुठे, तर व्हॅनच्या पायरीवरून, हातात काही नसताना. डॉक्टरांनी सात आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. पाचव्याच दिवशी त्याचा फोन आला.

"भाऊजी, मला वेड लागायची वेळ आलीय. टीव्ही बघून बघून डोळे बटाट्याएवढे झालेत."

"पुस्तक वाच एखादं."

"पुस्तक उघडलं की झोप लागते आणि झोपलो की बायको ओरडते. तुम्ही असं करा, तुमच्यातला एखादा लढाईचा गेम द्या मला. पण सोपा बघा हं. ताईला दिला होतात ना, त्याच्याहूनही सोपा. तिला तो सोप्यातला सोपासुद्धा जमला नव्हता, आणि आमची दोघांची डोकी एकाच कारखान्यातली."

मेव्हणा हसला. सवयीने इकडून त्याच्या ताईचा नवराही हसला. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. गॅसवर चहाचं आधण होतं. ते उकळून उकळून तळाला गेलं, तरी तो तिथेच उभा होता.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एकतीस वर्षं तेच काम. लोक अडकले की त्याला बोलावणं यायचं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाशी बाहेरून शांतपणे बोलत राहायचं, आत कोण आहे, घाबरलंय का, बसायला सांगितलं का, अशी सगळी चौकशी करायची आणि तोंड चालू असताना हातही चालू ठेवायचे, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी मात्र तो मुका. "आठवडाभराचं बोलणं परक्यांवर खर्च करून येतात," बायको म्हणायची. "मी लिफ्टमध्ये अडकायला हवं होतं."

रविवारी दुपारी दोन ते पाच ही त्याची वेळ. अडगळीच्या खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरवर लढाया. धूमधडाका करणाऱ्या नव्हेत, तर शांत, नकाशावरच्या. नकाशाची षटकोनी घरं, त्यांवर सैन्याच्या चौकोनी सोंगट्या, आपली एक फेरी झाली की शत्रूची एक. एकेक लढाई महिना महिना चालायची. घरात त्याचं नाव सेनापती पडलं ते यावरून. कुणाचा फोन आला तर बायको सांगायची, "सेनापती मोहिमेवर आहेत. पाच वाजता हरून येतील, तेव्हा करा."

दहा वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी बायको खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत होती.

"अहो, मलाही शिकवा की हे. घरात आता दोघंच आपण. तुम्ही इथे, मी तिथे. एखादा सोपा निवडून द्या मला."

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. भिंतभर खोकी, नावं एकासारखी एक, आणि ती गिऱ्हाइकाकडे तोंड करून मागे हात घालायची तर हातात बरोबर तेच खोकं यायचं. कुठलं औषध संपत आलंय, कुठल्याची तारीख जवळ आलीय, हे मालक आधी तिला विचारायचा आणि मग कपाट उघडायचा. अशी बाई. ती सोपा गेम मागत होती.

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण वाटली ती भीती. आपल्या तीन तासांत शेजारी दुसरी खुर्ची येणार, "हे काय, ते का" सुरू होणार, चहा होणार, गप्पा होणार. आठवड्यातले तेवढेच तीन तास त्याला कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

"आहे एक सोपा," तो म्हणाला. "लावून देतो."

सोपा गेम त्याच्याकडे होताच. एक नव्हे, दोन-तीन होते. त्याने मात्र जुन्या लॅपटॉपवर जो लावून दिला, त्याला पुढे घरात सगळे बर्फाचा गेम म्हणू लागले. त्या गेमची माहिती-पुस्तिका अडीचशे पानांची होती. त्याला स्वतःला तो कळायला अख्खा हिवाळा गेला होता. त्यात नुसतं लढून भागत नाही, सैन्याला खायला पोचवावं लागतं. रसदीचे गाडे रस्त्याने न्यायचे, बर्फ पडला की रस्ता बंद, गाडा अडला की पुढची तुकडी उपाशी, उपाशी तुकडी लढत नाही. चुकीची चाल मागे घेता येत नाही. नवशिक्याला मदत म्हणून कोपऱ्यात एक सूचनांची चौकट उघडायची, तेवढीच काय ती दया. ती चौकट त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. बंद करताना त्याचं बोट जरासुद्धा थांबलं नव्हतं. हे त्याला लख्ख आठवत होतं, आणि आयुष्यातली एखादीच गोष्ट विसरायला मिळाली असती, तर त्याने हीच निवडली असती.

"हा सगळ्यात सोपा," लॅपटॉप तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला होता.

ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. तो पाणी प्यायला बाहेर आला की ती वाकून बसलेली दिसायची. चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकलेलं. दोनदा तिने विचारलं, "हे गाडे पुढे का जात नाहीत हो?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "खेळत राहा, कळेल हळूहळू," आणि पाण्याचा पेला घेऊन खोलीत गेला. दार लोटून घेतलं.

पाच रविवार झाले. सहाव्या रविवारी तिने लॅपटॉप मिटला.

"नाही बाई जमत मला. माझं डोकं आपलं खोक्यांपुरतंच."

"राहू दे," तो म्हणाला. "सगळ्यांना जमतंच असं नाही."

वर तिची समजूतही काढली त्याने. हेच त्याला आता गिळवत नव्हतं.

पुढे एकदा सगळे जमले असताना तिनेच हा किस्सा रंगवून सांगितला. सोप्यातला सोपा गेम दिला यांनी, आणि माझं अख्खं सैन्य बर्फात उपाशी! मेव्हण्याला तर आयतं कोलीत मिळालं. तेव्हापासून घरात कुणाला बरणीचं झाकण उघडेना, कुणाला पत्ता सापडेना, की तो म्हणायचा, "झाला ताईचा सोपा गेम!" मुलगी फोनवर म्हणायची. पाहुणेरावळे म्हणायचे. तीसुद्धा म्हणायची, सगळ्यांत आधी. आणि सेनापती हसायचे.

या खेपेला त्याने ठरवलं की गेम निवडायचा तर नीट निवडायचा.

कामावरून आला की तो एकेक गेम काढून बसायचा आणि आपण काहीच शिकलेलो नाही असं धरून खेळायचा. एका कागदावर त्याने अटी लिहिल्या. त्या अटी लिफ्टवरून सुचल्या होत्या. लिफ्टमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला बटणांकडे बघून, कुणाला न विचारता, वर जाता आलं पाहिजे. नाही आलं तर खोट माणसात नाही, बटणांत आहे. हे तो हाताखालच्या पोरांना कायम सांगायचा. मग गेमचंही तसंच. पहिली चाल पाच मिनिटांत करता आली पाहिजे. सोंगट्या दहाच्या आत. अक्षरं मोठी. चुकलेली चाल परत घेता आली पाहिजे. हल्ला करण्याआधी जिंकायची शक्यता किती ते दिसलं पाहिजे. लढाई अर्ध्या-पाऊण तासात संपली पाहिजे, म्हणजे हरलं तरी पुन्हा बसावंसं वाटतं. आणि हरल्यावर आपण का हरलो ते कळलं पाहिजे. ही शेवटची अट लिहून त्याने तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

पहिला गेम नदीचा होता. दिसायला देखणा, पण नकाशा एवढा मोठा की मेव्हणा सरकवून सरकवूनच दमला असता. बाद. दुसरा जुन्या काळच्या घोडदळाचा. नियम थोडे, पण अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. बाद. तिसऱ्यात शिकवणीच दीड तासाची होती आणि एक आवाज सारखा कानाशी सूचना देत राहायचा. मेव्हण्याने लॅपटॉप खिडकीबाहेर भिरकावला असता. चौथ्यात घड्याळ चालू राहायचं, तुम्ही विचार करत असलात तरी शत्रू थांबत नव्हता. तोही बाद.

नवव्या दिवशी तो बेटांच्या गेमवर आला. खरं तर पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं की आपण इथेच येणार आहोत. छोटा नकाशा, सहा-सात बेटं, आठ सोंगट्या. सोंगटीवर माउस नेला की ती कुठे कुठे जाऊ शकते ती घरं उजळायची. रसदीची भानगडच नाही. चाल मागे घ्यायचं बटण भलं मोठं. हरलात तर शेवटी कुठे चुकलं ते बाणाने दाखवायचा. त्याने कागद पुढे ओढला आणि एकेका अटीपुढे बरोबरची खूण करत गेला. सगळ्या खुणा झाल्या, तसा त्याने पेन खाली ठेवला.

हा गेम दहा वर्षांपूर्वीही त्याच्याकडे होता. याच कपाटात, याच खोक्यात.

मेव्हण्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा जुना लॅपटॉपच न्यायचा होता. त्यावर बेटांचा गेम चढवला, चालतोय ना पाहिलं. पडद्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या डोंगराचं चित्र अजून होतं. बर्फाचा गेम. पुसून टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याने माउस तिथवर नेला. पुसला असता तर पुरावाच गेला असता, मग कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग लॅपटॉप मिटून पिशवीत घातला आणि स्वतःला सांगितलं की उशीर होतोय.

रविवारी दुपारी तो मेव्हण्याकडे पोचला. मेव्हणा पलंगावर, पाय दोन उशांवर, प्लास्टरवर कुणीतरी पेनाने फ्रिजचं चित्र काढलेलं.

"या सेनापती! लिफ्टने आलात का? दार करकरतंय बघा. घरचा लिफ्टवाला असून आमच्या लिफ्टला वाली नाही."

"तुझ्याकडून तक्रार आली नाही कधी."

"तक्रार केली तर तुम्ही याल, आणि आलात की बोलणार काय? 'हूं' आणि 'बरं'."

"पुरे हो," आतून मेव्हण्याची बायको म्हणाली. "माणूस दार ओलांडत नाही तोच सुरू. भाऊजी, बसा. यांच्याकडे लक्ष देऊ नका, यांची फक्त टाच मोडलीय, जीभ शाबूत आहे."

त्याने लॅपटॉप मेव्हण्याच्या मांडीवर ठेवला, शेजारी खुर्ची ओढली आणि बेटांचा गेम सुरू केला. काही समजवावं लागलंच नाही. घरं उजळली, मेव्हण्याने सोंगटी हलवली, चुकली, मागे घेतली, पुन्हा हलवली. पंचवीस मिनिटांत शत्रूचं शेवटचं बेट पडलं.

"अगं ए, जिंकलो!" मेव्हणा ओरडला. "बाहेर ये, नवरा बघ तुझा! सात बेटांचा मालक!"

"त्यातल्या एकावर जाऊन राहा," आतून आवाज आला.

मेव्हणा खूश होता. पायाची ठसठस विसरला होता. सेनापतीला वाटलं, झालं, सुटलो. तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "आणि हा डोंगर कसला?"

"काही नाही. जुना आहे. चालत नाही आता."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. दहा वर्षांनी, त्याच लॅपटॉपसमोर, तशीच थाप, तितक्याच सहज.

मेव्हण्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने डोंगरावर क्लिक केलं होतं. बर्फ भुरभुरायला लागला, आणि पाठोपाठ जपून ठेवलेल्या खेळांची यादी उघडली.

"अरेच्चा! हाच तो! ताईचा सोपा!" मेव्हण्याने चष्मा पुढे ओढला आणि वाचायला लागला. "एक. दोन. तीन. तीन परत. चार. पाच. पाच परत. पाच परत परत. अगं बाई, पाचव्यात घोडं पार रुतलं होतं वाटतं हिचं. सहा. सात. सात परत... अकरा. अकरावर संपलं. भाऊजी, हे सगळं ताईचं?"

त्याने ती यादी कधी पाहिली नव्हती. दहा वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती. प्रत्येक नावापुढे वार आणि वेळ होती. काही रविवारच्या. बाकीच्या मंगळवारच्या, सकाळी अकरा, दुपारी तीन. रविवारी औषधाचं दुकान अर्धा दिवस असायचं, मंगळवारी पूर्ण बंद. मंगळवारी तो कामावर असायचा.

"नवीन सुरू करतो," मेव्हणा म्हणाला. "ताई अकराव्या फेरीला ढेपाळली ना? बघा, मी बाराव्याला जातो की नाही. बेटं घेतलीत, बर्फ काय चीज आहे!"

"नको. बेटांचाच खेळ."

"का? भावाने बहिणीला हरवू नये असा नियम आहे का यात?"

पहिली पाच मिनिटं मेव्हणा बडबडत होता. मग बडबड कमी झाली. मग तो नुसता "आं?" आणि "हे कशाला?" करत राहिला. मेव्हण्याची बायको चहा घेऊन आली, तरी त्याने वर पाहिलं नाही. वीस मिनिटं झाली, पहिली फेरी काही संपेना. बर्फ पडत होता. उपाशी पडलेल्या सोंगट्यांच्या कडा एकेक करून लाल व्हायला लागल्या होत्या.

"मी तर ताईहून ढ निघालो की!" मेव्हणा बायकोला म्हणाला. "सोप्यातला सोपा म्हणे." मग त्याने मान वळवली. "भाऊजी, हे गाडे पुढे का जात नाहीत हो?"

सूरही तोच होता. भावंडांचा.

त्याने कप खाली ठेवला. कप बशीवर वाजला.

"तो सोपा नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंच आहे."

"नाही, ऐक. तो माझ्याकडचा सगळ्यात अवघड आहे. मला हिवाळाभर कळला नव्हता. तिला मी मुद्दाम तोच दिला. मदतीची चौकट असते त्यात, ती बंद करून दिला. सोपा आहे म्हणून सांगितलं."

मेव्हण्याच्या चेहऱ्यावर अजून अर्धं हसू होतं, पुढची कोटी येईल तेव्हा वापरायला ठेवलेलं. "का?" त्याने विचारलं.

"तिने कंटाळून सोडावं म्हणून. रविवारी मला एकट्याला बसता यावं म्हणून."

"बेटांचा होता तेव्हा तुमच्याकडे?"

"होता."

अर्धं हसू गेलं. मेव्हण्याने पडद्याकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे, मग बायकोकडे.

"म्हणजे दहा वर्षं मी..." तो थांबला. "आणि तुम्ही हसत होतात."

"हो."

"दवाखान्यात, त्या शेवटच्या आठवड्यात, मी तिला काय म्हणालो होतो आठवतंय? ताई, लवकर उठ, तुला अजून तो सोपा गेम शिकायचाय. ती हसली. कुशीवर हात दाबून हसली, दुखत होतं तरी. तुम्ही कुठे होतात?"

"खिडकीपाशी."

"तेव्हा एक वाक्य बोलायचं होतंत. ती ऐकू शकत होती तेव्हा."

त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून त्याने वाक्य जुळवलंही होतं. खाली आवारात एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. याचं भरून झालं की सांगू, असं त्याने ठरवलं. माणूस सायकलवर बसून गेला, तोवर नर्स आली, आणि नर्स गेल्यावर ती झोपली होती.

मेव्हण्याची बायको अजून ट्रे धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "म्हणून मग ताईंनी ते काम घेतलं नसेल."

"कुठलं काम?"

"तुम्हाला माहीत नाही? दुकानात कॉम्प्युटर आला ना, सगळा साठा त्यावर चढवायचा होता. मालक म्हणाले, तुम्हीच सांभाळा, तुमच्या हाताखाली दोघी देतो. त्या नाही म्हणाल्या. मग त्या नव्या मुलीला दिलं. मी विचारलं, असं का केलंत? तर मला म्हणाल्या, मला नाही गं असलं जमत. घरी करून बघितलंय."

त्या वेळी तिने घरी एवढंच सांगितलं होतं की दुकानात कॉम्प्युटर आलाय आणि एक चुणचुणीत मुलगी तो चालवते. तो म्हणाला होता, "बरं." शेवटची सात वर्षं ती त्या मुलीला विचारून खोकी काढत होती.

"तुम्ही आता घरी जा, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला आज तुमच्याशी बोलता येणार नाही. लॅपटॉप राहू दे."

तो उठला. दाराशी पोचला, तसं मागून आलं, "पोरीला माहीत आहे?"

"नाही."

"ते तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

लिफ्टचं दार खरंच करकरत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याने खिशातला पाना काढला असता. आज तो जिन्याने उतरला.

आठवडाभर त्याने मुलीला फोन केला नाही. दोनदा तिचाच आला, तेव्हा जेवणखाण, हवापाणी यावर भागवलं. अडगळीच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. तो जेवणाच्या टेबलाशी बसायचा, तिच्या खुर्चीवर. तिथून अडगळीच्या खोलीचं दार समोर दिसतं, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. म्हणजे पाच रविवार ती मान वर करायची तेव्हा तिला ते बंद दार दिसत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी फोन वाजला. मेव्हणा. नमस्कार नाही, सेनापती नाही.

"सहावी फेरी. अख्खं सैन्य उपाशी मेलं."

"खिंडीत अडकलास का? तिथे गाडे आधी—"

"सांगू नका! तिला सांगितलं होतंत?"

त्याने समोरच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"ती चौकट चालू करता येते, ते मला परवाच सापडलं," मेव्हणा म्हणाला. "नाही केली. रोज चार-चार तास बसतोय, दुसरा उद्योग नाही. तरी सहावी. ती बाई आठवड्याचे सहा दिवस दुकानात उभी राहून, घरचं सगळं बघून अकराव्याला पोचली. आणि तिचा अकरावा उघडून बघितला मी. वेढा पडलाय चारी बाजूंनी, पण एक तुकडी उपाशी नाही, भाऊजी. एकही नाही. गाडे असे लावलेत की बघत राहावं. दुकानातल्या खोक्यांसारखे. तुम्हाला तरी जमतं का तसं?"

"नाही," तो म्हणाला. खरंच जमत नव्हतं. त्याच्या अर्ध्या तुकड्या नेहमी उपाशीच मरायच्या, तो उरलेल्यांवर जिंकायचा.

"पोरीला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग कधी? मी अकराव्याला पोचल्यावर? तोवर माझी टाच जुळून पुन्हा मोडायची." मग मेव्हणा म्हणाला, "मी अजून चिडलेलोच आहे, बरं का. गैरसमज नको."

"नाही. कळतंय."

"लावा फोन."

त्याने लावला. मुलीकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता, फोन खांद्यात धरून ती काहीतरी विसळत असावी. हुबेहूब आईची सवय.

"बाबा? आज मोहीम नाही वाटतं? जेवलात?"

"जेवलो. ऐक ना. तुझ्या आईचा तो सोपा गेम होता बघ—"

तिकडे ती हसायला लागली. अजून काही सांगितलंही नव्हतं, तरी गेली दहा वर्षं या दोन शब्दांवर जसं हसू यायचं, तसंच आलं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "तो सोपा नव्हता."

भांड्यांचा आवाज थांबला.